डाव केव्हा आवरावा?

बुद्धिबळात राजावर मात झाली की डाव संपतो. कॅरममध्ये सोंगट्या संपतात, रमीत कोणीतरी पाने लावून दाखवतो, सापशिडीत शंभराचे घर येते. बहुतेक खेळांच्या नियमांतच त्यांचा शेवट लिहिलेला असतो. तो खेळणाऱ्यांना ठरवावा लागत नाही. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेतून जगभर पसरलेला एक बैठा खेळ मात्र याला अपवाद आहे. त्यात कोणी कोणावर जिंकत नाही, आणि डाव कधी संपला हे नियमपुस्तक सांगत नाही. त्यामुळे एकच डाव पाच, दहा, क्वचित वीस वर्षेही चालतो. तो कधी थांबवावा, हा प्रश्न मग खेळाचा न राहता माणसांचा होतो.

या प्रकारातील पहिला छापील खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो प्रसिद्ध झाला. एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर आणि पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची, असा त्याचा आरंभ होता. खेळाची मांडणी साधी आहे. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि यश-अपयशाचा निवाडा वीस पैलूंच्या फाशावर होतो. एका बैठकीत गोष्ट संपत नाही. ती पुढच्या आठवड्यात तेथूनच पुढे सुरू होते. अशा सलग चालणाऱ्या कथेला ‘मोहीम’ म्हणतात. आज पुण्या-मुंबईतही असे गट नियमाने बसतात. आपला मुलगा वा मुलगी दर शनिवारी संध्याकाळी चार तास कोणत्या खोलीत आणि कशासाठी बसते, असा प्रश्न पडलेल्या घरांना हा परिचय उपयोगी पडावा.

या खेळात संचय होतो, हे त्याच्या दीर्घायुष्याचे कारण. प्रत्येक साहसानंतर पात्राच्या खाती अनुभवाचे गुण जमा होतात, गुण वाढले की पात्राची पातळी वाढते, पातळीबरोबर सामर्थ्य वाढते. सोने, शस्त्रे, मित्र, वैरी, अपुरी राहिलेली वचने हे सारे एका बैठकीतून पुढच्या बैठकीत ओढले जाते. वहीतील शिल्लक पुढच्या पानावर ओढावी तसेच हे असते. पाच वर्षे चाललेल्या मोहिमेच्या टिपणांच्या वह्या पाहिल्या तर एखाद्या पेढीचे दप्तर पाहिल्यासारखे वाटते.

दीर्घकाळ चालणे हा मुळात दोष नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन या शहरी इतिहासाचे प्राध्यापक असलेले रॉबर्ट वॉर्डहॉ यांनी १९८२ साली, शाळकरी वयात, एक मोहीम सुरू केली. चार दशके उलटून गेल्यावरही ती चालू होती. या काळात खेळाडू आले आणि गेले, कथा पुढे जात राहिली. तेथे सूत्रधाराची उमेद टिकली आहे आणि खेळाडू मनापासून येतात. तेव्हा तो डाव आवरण्याचे काही कारणच नाही. वर्षांची संख्या पाहून निर्णय करणे म्हणजे दुकान जुने झाले म्हणून बंद करण्यासारखे आहे. पाहायचे असते ते दुकानात आज गिऱ्हाईक येते की नाही.

तथापि बहुसंख्य मोहिमांचे असे होत नाही. त्या बंदही होत नाहीत आणि धड चालतही नाहीत. आधी आठवड्याची बैठक पंधरवड्यावर जाते, मग महिन्यावर. कोणाचे लग्न ठरलेले असते, कोणाची बदली होते, कोणाच्या घरी तान्हे मूल असते. नंतर एखादी बैठक रद्द होते आणि पुढची तारीख कोणी ठरवत नाही. बँकेच्या व्यवहारात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच देवघेव केली नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे तसेच पडून राहिले तर त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. खाते कोणी बंद केलेले नसते. खातेदार फक्त यायचा थांबलेला असतो. अनेक मोहिमांची अखेर नेमकी अशीच होते. आणि ज्या कथेत पाच माणसांनी पाच वर्षे जीव ओतला, तिचा शेवट काय झाला हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

असे का व्हावे? पहिले कारण व्यापारी माणसाला चांगले ठाऊक आहे. आजवर घातलेला वेळ व श्रम वाया जातील या भीतीने माणूस पुढेही वेळ घालत राहतो. ‘इतकी वर्षे खेळलो, आता कसे सोडायचे?’ हा युक्तिवाद ऐकायला निष्ठेचा वाटतो. हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. जो खर्च होऊन गेला तो कोणताही निर्णय घेतला तरी परत येत नाही. निर्णय करायचा तो पुढच्या वर्षाच्या शनिवारांचा. शिवाय खेळातील मागचा आनंद भोगून झालेला आहे. तो बुडीत खात्यात जातच नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. टेबलाभोवतीचे मित्र पुष्कळदा केवळ त्या बैठकीच्या निमित्तानेच भेटत असतात. खेळ थांबला तर भेटणेही थांबेल, आणि भेटणे थांबले तर मैत्री विरेल, अशी भीती प्रत्येकाच्या मनात असते. ती कोणी बोलून दाखवत नाही. परिणामी एक विचित्र अवस्था येते. पाचांपैकी चौघांना खेळ पुरे झालेला असतो. परंतु प्रत्येक जण ‘इतरांना हवा आहे’ असे समजून येत राहतो. एकमेकांचे मन राखण्यासाठी सारेच एका नको असलेल्या बैठकीला हजर होतात.

तिसरे कारण सूत्रधाराचे. तीन-चार तासांच्या बैठकीमागे त्याची कित्येकदा तेवढीच, कधी त्याहून अधिक तयारी असते. नकाशे, पात्रांची नावे, गावांचा इतिहास, संकटांची मांडणी हे सर्व तो एकटा करतो. खेळाडू न आला तर बैठक होऊ शकते; सूत्रधार न आला तर ती होत नाही. म्हणून थकल्यावरही तो थांबू शकत नाही. आपण थांबलो तर पाच जणांचा आनंद आपल्यामुळे गेला, असे त्याला वाटते. अशा दडपणाखाली चालवलेला खेळ हळूहळू चिडचिडीचा होतो. खेळाडूने सुचवलेली प्रत्येक नवी कल्पना सूत्रधाराला वाढीव कामासारखी भासू लागते, आणि मग कधीतरी एखाद्या क्षुल्लक नियमावरून वाद पेटून वर्षानुवर्षांचे स्नेह तुटतात. शेवट टाळण्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती खेळापेक्षा बरीच मोठी असते.

मग वेळ आली हे ओळखावे कसे? काही खुणा कथेतच दिसतात. या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्राच्या वीस पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरचा योद्धा एखाद्या भुरट्या गॉब्लिनच्या घावाने मरू शकतो. म्हणून प्रत्येक दार उघडताना टेबलावर शांतता पसरते. वरच्या पातळ्यांवर तीच पात्रे मेलेल्या साथीदाराला मंत्रबळाने परत उठवतात, क्षणात दूरच्या नगरीत पोहोचतात, जवळजवळ हवी ती इच्छा पुरी करून घेतात. जेथे काहीच गमावण्यासारखे उरत नाही तेथे फासा टाकताना हात थबकत नाही. दुसरी खूण अशी की, बैठकीत नव्या प्रसंगापेक्षा जुन्या पराक्रमांच्या आठवणीच अधिक रंगतात. तिसरी अशी की, मुख्य वैरी पराभूत झाला, मूळ वचन पुरे झाले, आणि त्यानंतरची प्रत्येक नवी आपत्ती केवळ बैठक भरावी म्हणून आणलेली वाटते.

काही खुणा माणसांत दिसतात. बैठक रद्द झाल्याचा निरोप आला की वाईट वाटते की हायसे वाटते, ही सर्वांत सरळ कसोटी होय. एकदा हायसे वाटणे हा थकवा. सलग तीन-चार वेळा तसेच वाटले तर तो कौल समजावा. खेळाडू बोलत असताना बाकीचे फोन पाहू लागले, स्वतःच्या पात्राचे पूर्वीचे हेतू आठवेनासे झाले, किंवा कोणीतरी नवा खेळ करून पाहण्याची इच्छा वारंवार आणि थोड्या संकोचाने सांगू लागला, तर त्याचाही अर्थ तोच.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. थकवा आणि अखेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूत्रधाराला दोन महिन्यांची सुट्टी द्यावी. मधल्या काळात दुसऱ्या कोणी त्याची जागा घेऊन एखादी छोटी, दोन-तीन बैठकांची गोष्ट चालवावी. अमेरिकी रचनाकार जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ हा २००९ चा खेळ तर सूत्रधाराविना एकाच बैठकीत पुरा होतो. विश्रांतीला असे खेळ उत्तम. सुट्टीनंतर जुन्या कथेची ओढ परत आली, तर डाव थकला होता एवढेच. ओढ आली नाही, तर निर्णय सुट्टीतच झालेला असतो; त्याला फक्त शब्द द्यायचे उरतात.

विशेष म्हणजे या खेळांच्या रचनाकारांनी निवृत्तीचा विचार फार लवकर केला होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या, सत्तरीच्या दशकातील नियमांत नवव्या पातळीला पोहोचलेला योद्धा किल्ला बांधून त्या प्रदेशाचा अधिपती होऊ शकत असे. शिपाई त्याच्या पदरी येत, प्रजेकडून त्याला कर मिळे. म्हणजे भटके साहस संपवून स्थिरावण्याची एक सन्माननीय जागा नियमांतच राखलेली होती.

मार्क मिलर यांच्या १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळविषयक खेळात पात्र तयार करतानाच त्याची नोकरी चार-चार वर्षांच्या मुदतींत मोजली जाते. प्रत्येक मुदत संपली की पुन्हा रुजू व्हायचे की बाहेर पडायचे, असा प्रश्न येतो. जास्त मुदती केल्या तर कौशल्य वाढते. पण वयही वाढते आणि शरीर झिजते. मूळ नियमांत तर खेळ सुरू होण्यापूर्वीच, नोकरीच्या काळात, पात्र मरूही शकत असे. मोहिमेलाही ही मुदतीची पद्धत लावता येईल. मुदत ठेव आपोआप नूतन होत राहिली की ठेवीदार व्याजदराकडे बघत नाही. दर मुदतीला स्वतः सही करावी लागली तर तो विचार करतो. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, फासे बाजूला ठेवून ‘अजून एक वर्ष करू या का?’ एवढे विचारावे. हा प्रश्न नियमाने येणारा असला की तो कोणावर आरोप ठरत नाही.

परंतु या विषयावर सर्वांत मननीय खेळ म्हणजे ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा ‘पेंड्रॅगन’. ब्रिटनमधील राजा आर्थरच्या दंतकथांवर तो आधारलेला आहे. यात साधारणपणे एका वर्षाला एक साहस असते आणि त्यानंतर हिवाळा येतो. हिवाळ्यात जमिनीचा जमाखर्च पाहायचा, लग्न झाले का, मूल झाले का, ते जगले का, हे फाशांनी ठरवायचे. पस्तिशीनंतर दर हिवाळ्याला वार्धक्याचा फासा टाकावा लागतो व त्यात शक्ती घटत जाते. सरदार म्हातारा झाला किंवा रणात पडला की खेळाडू त्याच्या वारसाला घेऊन पुढे खेळतो. वारसाला वडिलांच्या कीर्तीचा फक्त दहावा हिस्सा मिळतो. उरलेली त्याने स्वतः मिळवायची. या खेळाची मोठी मोहीम इसवी सन ४८५ पासून सुरू होऊन सुमारे ऐंशी वर्षांचा काळ व्यापते. आर्थरचे राज्य शेवटी लयाला जाणार, हे बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. शेवट ठाऊक असल्याने खेळाची गोडी कमी होत नाही. उलट प्रत्येक हिवाळ्याला वजन येते. पेढी मुलाच्या हाती सोपवण्याचा क्षण पाहिलेल्या घरांना हे निराळे समजावून सांगायला नको.

अलीकडचे एक प्रसिद्ध उदाहरणही पाहण्यासारखे आहे. ‘क्रिटिकल रोल’ हा अमेरिकेतील आवाज-अभिनेत्यांचा गट. २०१२ मध्ये त्यांनी घरगुती खेळ म्हणून एक मोहीम सुरू केली. मार्च २०१५ पासून ती इंटरनेटवर थेट दिसू लागली आणि तिला प्रचंड प्रेक्षकवर्ग मिळाला. त्यांचा सूत्रधार मॅथ्यू मर्सर. लोकप्रियता शिखरावर असताना, ऑक्टोबर २०१७ मध्ये, ११५ भागांनंतर त्यांनी ती कथा पूर्ण केली. ज्या पात्रांवर लोक जीव टाकत होते ती बाजूला ठेवली आणि जानेवारी २०१८ मध्ये नवी पात्रे घेऊन दुसरी मोहीम मांडली. ती १४१ भाग चालली. तिसरी फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या चौथ्या मोहिमेत मर्सर यांनी सूत्रधाराची जागा ब्रेनन ली मलिगन यांना दिली आणि स्वतः खेळाडू म्हणून टेबलाला बसले. चालत्या धंद्यातून असा हात काढणे सोपे नसते. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, कथा तीनदा संपली, सूत्रधार बदलला, तरी टेबल मोडले नाही. माणसे एकत्र येत राहिली, कारण त्यांना जोडणारी गोष्ट एका विशिष्ट कथेपेक्षा मोठी होती.

डाव आवरण्याचे ठरले की तो नीट आवरावा. सूत्रधाराने किंवा कोणा खेळाडूने, बैठक चालू नसताना, सर्वांसमक्ष सांगावे: ‘पुढच्या सहा बैठकांत ही कथा पूर्ण करू या.’ संख्या सांगणे महत्त्वाचे आहे. मुदत नसलेला शेवट पुन्हा लांबतो. मग उघडी राहिलेली खाती काढावीत. कोणत्या वैऱ्याचा हिशेब बाकी आहे, कोणाला दिलेले वचन राहिले आहे, कोणाच्या हरवलेल्या भावाचा शोध अपुरा आहे, याची यादी करावी. सगळी खाती मिटत नाहीत. प्रत्येक खेळाडूला ज्याची सर्वाधिक ओढ आहे ते एक निवडू द्यावे. शेवटच्या बैठकीत फाशांना सुट्टी देऊन प्रत्येकाने आपल्या पात्राचे पुढे काय झाले ते स्वतः सांगावे. कोणी खाणावळ काढतो, कोणी गुरुकुल चालवतो, कोणी समुद्रापार निघून जातो. त्या सांगण्याला नियमांचा आधार लागत नाही. वह्या व नकाशे कोणाकडे राहतील तेही त्याच दिवशी ठरवावे.

सर्वांना खेळायचे आहे आणि एकालाच जायचे आहे, असेही होते. त्याने कारणे रचू नयेत आणि न कळवता यायचे थांबू नये. ‘माझा वेळ आता पुरत नाही’ किंवा ‘माझे मन आता यात रमत नाही’ हे एक वाक्य पुरते. उरलेल्यांनी त्याच्या पात्राला रागाने पुढच्याच वळणावर मारून टाकू नये. दूरच्या किल्ल्यावर त्याची नेमणूक करावी, म्हणजे कधी पाहुणा म्हणून आला तर त्याला परतण्याची वाट राहते. आणि थांबणारा सूत्रधार असेल, तर त्याने इतकी वर्षे दिलेल्या संध्याकाळींबद्दल त्याचे आभार मानावेत आणि ‘आता तुझ्यासाठी मी चालवतो’ असे कोणीतरी म्हणावे. बहुधा त्याला तेच ऐकायचे असते.

उरतो तो शनिवार. कथा संपल्यावरचा पहिला शनिवार सर्वांनाच रिकामा वाटतो, आणि मैत्री विरण्याचा धोका असतो तो याच दिवशी. म्हणून शेवटच्या बैठकीतच पुढच्या शनिवारची भेट ठरवून उठावे. त्या दिवशी खेळ नसला तरी चालेल. एकत्र जेवण झाले तरी पुरे. नवे पात्र कोणाला सुचले असेल, तर ते जेवताना बोलण्यात येईलच.